मिनिटाला किती तिकिटं? रेल्वेच्या वेबसाइटचा वेग आणि तो मोजण्याचा इतिहास

22 मे 2025, सकाळी दहा वाजता, एका मिनिटात 31,814 तिकिटं. रेल्वे मंत्रालयाने हा आकडा अभिमानाने जाहीर केला. आजवरचा सर्वांत मोठा, असं सांगून. आकडा खरा आहे आणि मोठाही आहे. सेकंदाला साधारण 530 तिकिटं होतात. स्लीपरच्या एका जुन्या डब्यात 72 बर्थ असतात, म्हणजे एका सेकंदात सात डबे भरले.

पण त्याच मिनिटाला किती लोकांनी प्रयत्न केला? किती जणांचं पान फिरत राहिलं? पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, असे किती? हे त्या निवेदनात नव्हतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला 31,814 शी काही देणंघेणं नाही. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग का दिसायला लागलं, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

हा प्रश्न जुना आहे. त्यामुळे थोडं मागून सुरुवात करू.

संगणक येण्याआधी रेल्वेचं आरक्षण जाडजूड रजिस्टरांवर चालायचं. ठराविक खिडकीवर ठराविक गाड्या, परतीचं तिकीट हवं असेल तर तार. 1985-86 मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं, मग मुंबई आणि बाकीची मोठी शहरं. ही केंद्रं आधी सुटी सुटी होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली जाईपर्यंत 1999 उजाडलं. कुठल्याही खिडकीवरून कुठलंही तिकीट मिळणं हा त्या काळी खरोखर मोठा बदल होता. आज त्याचं कुणाला काही वाटत नाही, ते सोडा.

खिडकीच्या जमान्यात एक गोष्ट होती. रांग दिसायची. पहाटे चारला अंथरूण टाकून बसलेली माणसं स्टेशन मास्तरला दिसायची, पेपरवाल्यांना दिसायची, खासदारालाही दिसायची. खिडकी हळू चालते आहे हे सांगायला कुठलं यंत्र लागत नव्हतं. आणि समोरच्या माणसाने मध्ये घुसखोरी केली तर त्याची कॉलर पकडता यायची!

3 ऑगस्ट 2002 ला आयआरसीटीसीने ऑनलाइन तिकीट सुरू केलं. सुरुवातीला तिकीट नेटवर काढायचं आणि कागद कुरिअरने घरी यायचा. ऑगस्ट 2005 पासून ई-तिकीट आलं, प्रिंट काढा आणि गाडीत बसा. तिथून गर्दी वाढत गेली, आणि रांग नजरेआड झाली. माणसं तेवढीच ताटकळत होती, किंबहुना जास्त, पण आपापल्या घरी, ऑफिसात, सायबर कॅफेत. दिसेनाशी झालेली रांग कुणीतरी मोजून दाखवली तरच कळणार. ते काम कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्या काळात सकाळी आठ वाजता दोन्ही दरवाजे एकदम उघडायचे. आगाऊ आरक्षणाचा नवा दिवसही आठला आणि तत्काळही आठला. साइट मान टाकायची. मग 10 जुलै 2012 पासून तत्काळ दहावर नेलं. 15 जून 2015 पासून तेही फोडलं, एसी दहाला, बिगर एसी अकराला. क्षमता वाढत नसेल तर गर्दीचे तुकडे करा, असा हा साधा हिशोब होता. तो चुकीचा नव्हता. आजही आपण त्याच वेळा पाळतो. फक्त त्या मुळात सर्व्हरच्या सोयीसाठी आल्या, हे आपण विसरून गेलोय.

जुलै 2014 च्या रेल्वे अर्थसंकल्पात तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी आकडे मांडले. सध्या मिनिटाला 2,000 तिकिटं निघतात, नव्या व्यवस्थेत 7,200 निघतील, एकाच वेळी 1 लाख 20 हजार लोक साइटवर असू शकतील. ऑगस्टमध्ये नवी व्यवस्था आली, आणि फरक पडला, हे मान्य करायलाच हवं. 1 एप्रिल 2015 ला आगाऊ आरक्षणाची मुदत 60 वरून 120 दिवस झाली, त्या एका दिवसात 13 लाख 45 हजार ई-तिकिटं निघाली. 5 मार्च 2020 ला एका मिनिटात 26,458. मग गेल्या वर्षीचा विक्रम.

म्हणजे 2,000 ते 31,814 असा अकरा वर्षांचा आलेख आहे. इंजिनिअरांचं कौतुक करावं असाच आहे. फक्त तो कशाचा आलेख आहे, ते नीट बघू.

लग्नाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. कॅटररला विचारलं जेवण कसं झालं, तर तो सांगेल, तासाला चारशे पानं उठली, रेकॉर्ड! पण मागे खुर्चीला टेकून उभ्या असलेल्या काकांना विचारा, तर ते म्हणतील, पाऊण तास उभा होतो आणि जिलबी संपली. दोघंही खरंच बोलतात. कॅटरर किती माल बाहेर गेला ते मोजतो, काका आपल्याला किती वेळ लागला ते मोजतात. रेल्वेचा आकडा कॅटररचा आहे.

आता जगात काकांचं माप कुणी घेतलं, ते बघा. 1993 मध्ये जेकब नील्सन यांनी संगणकावरच्या प्रतीक्षेच्या तीन मर्यादा सांगितल्या. एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. त्याची मुळं थेट 1968 मधल्या रॉबर्ट मिलर यांच्या निबंधात आहेत. पुढे 2007 मध्ये याहूमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांनी एक गोष्ट ठासून मांडली. तोवर सगळे सर्व्हरला दोष देत, पण वापरणाऱ्याच्या वाट पाहण्यातला 80 ते 90 टक्के वेळ सर्व्हरवर जात नाही. पान त्याच्या ब्राउझरमध्ये उतरण्यात आणि उभं राहण्यात तो जातो. अर्थात तत्काळच्या पहिल्या मिनिटाला हे लागू पडेलच असं नाही, तिथे सर्व्हर खरंच घामाघूम असतो. पण एरवीच्या बऱ्याच सरकारी साइट्सना पडतं. पहिल्या पानावर मंत्र्यांचे भलेमोठे फोटो आणि सरकती पट्टी, आणि ते सगळं उतरायचं खेड्यातल्या एका काडीच्या नेटवर.

2020 मध्ये गूगलने मापं ठरवून दिली. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. त्यातली महत्त्वाची अट अशी, की सरासरी नाही बघायची. प्रत्यक्ष वापरणाऱ्या शंभरातल्या 75 भेटींमध्ये ते साधलं पाहिजे. सरासरी फसवते. मुंबईत फायबरवर बसलेल्या दहा जणांना अर्धा सेकंद लागला आणि मुरबाडच्या पुढे दोघांना वीस सेकंद लागले, तरी सरासरी येते पावणेचार. कागदावर ठीकठाक. ते दोघं मात्र बाहेर.

मोजलंच नाही तर काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. 1 ऑक्टोबर 2013. ओबामांच्या आरोग्य विमा योजनेची हेल्थकेअर डॉट गव्ह ही साइट सुरू झाली. 36 राज्यांतल्या लोकांसाठी तोच दरवाजा. तयारी होती एका वेळी पन्नास-साठ हजार लोकांची, आले अडीच लाख. पण नुसत्या गर्दीला दोष देऊन चालणार नाही. त्यात खातं उघडल्याशिवाय विम्याचे दरसुद्धा बघता येत नव्हते, म्हणजे नुसता डोकवायला आलेलाही त्याच एका चिंचोळ्या दारातून. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत यशस्वी नोंदणी किती? सहा. सहा हजार नव्हे, सहा माणसं. काँग्रेसच्या समितीने बाहेर काढलेल्या सरकारच्याच टिपणांत हे लिहिलेलं होतं.

कंत्राटदार पन्नासच्या वर. प्रत्येकाचा आपापला तुकडा चालू होता म्हणे. पूर्ण साइट चालते का, हे सांगणारा माणूस नव्हता आणि पडदाही नव्हता. जेफ्री झिएंट्स यांच्याकडे दुरुस्तीची जबाबदारी दिली, गूगलमधून मायकी डिकरसन आणि आणखी काही इंजिनिअर आले. त्यांनी आधी कोडला हात घातला नाही. आधी डॅशबोर्ड उभा केला. पान यायला किती सेकंद, शंभरातल्या किती मागण्या फसतात, किती लोक आत आहेत, सगळं एका भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं. वारंवार लागणारी माहिती दर वेळी मुख्य डेटाबेसमधून न आणता हाताशी साठवून ठेवली, तेवढ्यानेच मोठा फरक पडला. रोज सकाळ-संध्याकाळ बैठक. बैठकीत बोलायचं ज्याला काम माहीत आहे त्याने, ज्याची खुर्ची मोठी त्याने नाही, हा डिकरसनचा नियम होता. आपल्याकडे हा नियम लावला तर अर्ध्या बैठका मुक्या होतील.

दोन महिन्यांनी, 1 डिसेंबरला सरकारने आकडे छापले. पान यायला सरासरी आठ सेकंद लागत होते, आता एकाच्या आत. चुकांचं प्रमाण सहा टक्के होतं, आता एक टक्क्याच्या आत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साइट 43 टक्के वेळच चालू होती, आता 95 टक्के. हे वाचताना लक्षात घ्या, की यात लाजिरवाणे आकडेही सरकारने स्वतःच दिले. आठ सेकंद आणि 43 टक्के हे लपवले असते तर सुधारणा कळली कशी असती? एप्रिल 2014 मध्ये आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी राजीनामा जाहीर केला. तोवर देशभरात, राज्यांच्या आपापल्या साइट्स धरून, 80 लाख लोक नोंदले गेले होते.

परत आपल्याकडे. इथे गोष्ट थोडी वाकडी आहे, कारण तत्काळच्या साइटला नुसता वेग देऊन भागत नाही. सगळ्यात वेगवान कोण, तर यंत्र. डिसेंबर 2017 मध्ये सीबीआयने आपल्याच एका सहायक प्रोग्रामरला अटक केली. एकाच वेळी शेकडो तत्काळ तिकिटं काढणारं सॉफ्टवेअर बनवून एजंटांना विकल्याचा आरोप होता. हा माणूस आधी आयआरसीटीसीत नोकरीला होता. फॉर्म भरायला तुम्हाला-मला मिनिट लागतं, या सॉफ्टवेअरला डोळ्यांची उघडझाप पुरते. मग रेल्वेने काय केलं, तर साइट मुद्दाम हळू केली! प्रवाशांची माहिती भरायला किमान 25 सेकंद गेलेच पाहिजेत, कॅप्चाला किमान पाच सेकंद. एजंटांना पहिली तीस मिनिटं बंदी. वेबसाइटच्या इतिहासात मुद्दाम लावलेले असे ब्रेक फार ठिकाणी सापडणार नाहीत, आणि माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

तरी 2025 मध्ये रेल्वेनेच सांगितलं, की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात. अडीच कोटी आयडी बंद केले, जुलैपासून तत्काळला आधार पडताळणी आली. मग आता त्या मिनिटाला 31,814 चा प्रश्न पुन्हा विचारा. त्यातली माणसांची किती होती?

लसीच्या वेळीही हेच झालं. 28 एप्रिल 2021, दुपारी चार, 18 वर्षांवरच्यांसाठी कोविन खुलं झालं. सुरुवातीला ओटीपी येईना, पान उघडेना. संध्याकाळी सरकारने सांगितलं, मिनिटाला 27 लाख हिट्स आल्या, दिवसभरात एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. भव्यच आहे. पण हिट म्हणजे काय? ओटीपी न आल्यामुळे तुम्ही पाच वेळा बटण दाबलं, तर त्या आकड्यात तुमची भर पाचपट. अडचण जितकी जास्त, विक्रम तितका मोठा. आणि राज्यात 21 मे 2025 ला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची साइट पहिल्याच दिवशी ठप्प झाली, नोंदणी 26 मेवर गेली. राज्यभरातली दहावीची मुलं एकाच दारावर येणार हे आधी माहीत होतंच की. अचानक आलेला पूर नव्हता तो.

ब्रिटनने एक प्रयोग केला होता. सरकारी ऑनलाइन सेवांनी चार आकडे द्यायचे, त्यातला एक असा, की काम सुरू केलेल्या शंभरातल्या किती जणांनी ते पूर्ण केलं. हे आकडे लोकांना बघायला खुले ठेवले. 2021 मध्ये तो मंच बंद झाला, म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. पण माप मात्र नेमकं होतं. ते कॅटररचं नव्हतं.

आता रेल्वेने नवी आरक्षण व्यवस्था जाहीर केली आहे. मिनिटाला दीड लाख तिकिटांची क्षमता, सध्याच्या जवळपास पाचपट. म्हणजे सेकंदाला अडीच हजार. गाडीतले बर्थ तेवढेच राहणार, तेव्हा गणपतीच्या गाड्या आणखी लवकर भरतील, एवढं गणित शाळकरी मुलालाही येईल. त्यामुळे तिकीट सगळ्यांना मिळणार नाही, हे समजण्यासारखं आहे. ते कुणाला मिळालं आणि बाकीचे कुठल्या पायरीवर गळाले, हे तरी कळायला हवं. आयआरसीटीसी माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. दहा रुपयांचा अर्ज आहे. सकाळी आठ ते आठ-पाच आणि दहा ते दहा-पाच या वेळेत लॉगिन किती, पेमेंटपर्यंत पोचलेले किती, पैसे कापून तिकीट न निघालेले किती, आणि शंभरातल्या 75 व्या माणसाला किती सेकंद लागले, महिन्यागणिक, गेल्या तीन वर्षांचे. कोकण, विदर्भ, मराठवाडा, जिथून कुठून अर्ज जातील तिथून जाऊ द्या. उत्तर आलं की इथे टाका, आलेख मी काढून देतो.