घोड्याचा फ्लू, कुत्र्याचा खोकला

जानेवारी २००४. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातला एक ट्रॅक. इथे घोडे नाही, ग्रेहाउंड कुत्रे पळवले जातात आणि त्यांच्यावर पैसे लावले जातात. त्या महिन्यात तिथले २२ ग्रेहाउंड आजारी पडले. १४ जणांना ताप आला, मग दहा ते चौदा दिवस खोकला राहिला आणि ते सावरले. उरलेले ८ मात्र पटापट गेले. त्यांच्या फुप्फुसांत आणि श्वासनलिकेत रक्तस्राव झाला होता.

अनेक कुत्रे एकत्र राहतात तिथे खोकल्याची साथ येतेच. तिला ‘केनेल कफ’ म्हणतात आणि ती सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. पण ताशी साठ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावणारी धडधाकट जनावरं साध्या खोकल्याने अशी मरत नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पशुवैद्यक सिंडा क्रॉफर्ड यांनी या प्रकरणाचा पिच्छा पुरवला. मेलेल्या कुत्र्यांचे नमुने कॉर्नेल विद्यापीठात एडवर्ड दुबोवी यांच्या प्रयोगशाळेत गेले. एका कुत्र्याच्या फुप्फुसातून विषाणू वाढवता आला आणि तो निघाला इन्फ्लुएंझाचा.

हे अनपेक्षित होतं. फ्लू माणसांना होतो, डुकरांना होतो, घोड्यांना होतो, पक्ष्यांना तर होतोच. पण कुत्र्यांचा स्वतःचा असा फ्लू कुणाला माहीत नव्हता. विषाणूची जनुकं वाचल्यावर आणखी एक गोष्ट कळली. हा घोड्यांच्या फ्लूचा, म्हणजे एच३एन८चा, जवळजवळ जसाच्या तसा विषाणू होता. बदल मोजकेच होते. २००५ साली हे संशोधन ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

इथे इतिहासाला एक प्रश्न पडतो. कुत्रा आणि घोडा हजारो वर्षं माणसाच्या अंगणात शेजारी शेजारी राहत आले आहेत. एच३एन८ हा घोड्यांचा फ्लूही १९६३ साली फ्लोरिडातल्याच मायामीत पहिल्यांदा सापडला होता. मग चाळीस वर्षं कुत्रे सुटले कसे?

खरं म्हणजे ते पूर्णपणे सुटले नव्हते. जपून ठेवलेले जुने रक्तनमुने नंतर तपासले, तेव्हा २००४च्या काही वर्षं आधीच्या ग्रेहाउंडांच्या रक्तातही या विषाणूच्या खुणा दिसल्या. २००२ साली इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांच्या एका कळपाला घोड्यांचा फ्लू झाला होता. २००७ साली ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या फ्लूची मोठी साथ आली. तिथेही आजारी घोड्यांच्या आसपास वावरणाऱ्या काही कुत्र्यांना लागण झाली. पण ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे गेली नाही. घोड्यांची साथ संपली आणि कुत्र्यांचा फ्लूही तिथेच संपला.

म्हणजे विषाणूने एका प्राण्यातून दुसऱ्यात उडी मारणं पुरेसं नसतं. उडी मारून पलीकडे पोचल्यावर त्याला पुढचा कुत्रा हवा असतो, मग त्याच्या पुढचा, आणि तेही लगेच. घरातल्या कुत्र्याच्या आयुष्यात अशी साखळी सहसा नसते. सोसायटीतले दोन-चार मित्र, संध्याकाळची एक फेरी, एवढंच त्याचं जग. तिथे विषाणू उपाशी मरतो.

शर्यतींच्या धंद्याने मात्र त्याला ही साखळी आयती दिली. ट्रॅकला लागून केनेलच्या रांगा, एकेका ठिकाणी शेकडो कुत्रे, आणि हंगामाप्रमाणे गाड्यांत घालून या राज्यातून त्या राज्यात नेणं. जून ते ऑगस्ट २००४ या तीन महिन्यांत ६ राज्यांतल्या १४ ट्रॅकवर साथ आली. पुढच्या वर्षी जानेवारी ते मे या काळात ती ११ राज्यांतल्या २० ट्रॅकवर पोचली. शर्यतींचं वेळापत्रक हेच विषाणूचं वेळापत्रक झालं.

ट्रॅकवरून तो शहरांत आला, पण सगळीकडे टिकला नाही. २०१४च्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेत हा फ्लू तग धरून होता तो मुख्यतः मोजक्या महानगरांतल्या मोठ्या शेल्टरमध्ये, जिथे रोज नवे बेवारस कुत्रे दाखल होत. बाकी ठिकाणी ठिणगी पडायची आणि विझायची. कुत्र्यांच्या फ्लूचा नकाशा काढला तर तो कुत्र्यांचा नसतोच. माणसांनी कुत्र्यांना कुठे कोंडलं त्याचा तो नकाशा असतो.

२००९ साली अमेरिकेत एच३एन८वरची पहिली लस आली. ती आजाराची तीव्रता कमी करते आणि कुत्रा बाहेर टाकत असलेल्या विषाणूचं प्रमाणही घटवते. पण लागण होणारच नाही, अशी हमी देत नाही.

तोवर आशियात दुसरी उडी झाली होती. २००५-०६च्या सुमाराला चीन आणि दक्षिण कोरियात पक्ष्यांचा एच३एन२ हा फ्लू कुत्र्यांत आला आणि तिथे स्थिरावला. (माणसांच्या हंगामी फ्लूचं नावही एच३एन२ असतं. नाव तेच, पण विषाणू वेगळा.) २०१५च्या वसंतात शिकागोत हजाराहून जास्त कुत्रे खोकू लागले, तेव्हा डॉक्टरांना आधी जुना एच३एन८च वाटला. प्रयोगशाळेने सांगितलं की हा आशियातला पाहुणा आहे. त्याच वर्षअखेर त्याच्यावरची लसही आली.

या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. २०१७च्या डिसेंबरअखेर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हा फ्लू सापडला आणि माग काढत गेल्यावर संशय गेला तो आशियातून नुकत्याच आणलेल्या कुत्र्यांवर. आशियातल्या कुत्र्यांना परदेशात घर मिळवून देणारी माणसं काही शर्यतीवर पैसे लावणारी नसतात. आपल्यासारखीच, कुत्र्यावर जीव असणारी असतात. पण विषाणूला हेतू कळत नाही. त्याला विमानाचं तिकीट तेवढं कळतं.

ओंटारिओतल्या डॉक्टरांनी मग जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. खोकणाऱ्या प्रत्येक संशयित कुत्र्याची चाचणी, तो कुणाकुणाला भेटला याचा शोध, त्या सगळ्यांच्या चाचण्या, आणि लागण झालेल्या कुत्र्याला २८ दिवस वेगळं ठेवणं. कोविडने आपल्याला पाठ करायला लावलेले हे शब्द तिथे दोन वर्षं आधी कुत्र्यांसाठी वापरले गेले. २८ दिवस यासाठी, की या फ्लूचा कुत्रा बरा दिसू लागला तरी तीन आठवड्यांहून जास्त काळ विषाणू बाहेर टाकू शकतो. ऑक्टोबर २०१८पर्यंत एकूण १०४ कुत्र्यांना लागण झाली, त्यांतले २ दगावले, आणि प्रत्येक साथ जागच्या जागी थांबली. मालकांनी महिनाभर कुत्र्याला फिरायला न नेण्याचा त्रास सोसला, म्हणून.

फ्लोरिडातल्या मतदारांनी २०१८ साली कौल दिला आणि २०२० संपताना तिथल्या ग्रेहाउंड शर्यती बंद झाल्या. ते कारण फ्लू नव्हतं, कुत्र्यांचे हाल हे होतं. पण विषाणूला पहिलं घर देणारी एक गर्दी त्यामुळे मोडली. घोड्यांकडून आलेला एच३एन८ही अमेरिकेतल्या कुत्र्यांत २०१६नंतर दिसेनासा झालाय.

आता तुमच्या घरातल्या कार्डाकडे वळू. पिल्लाच्या लसीच्या कार्डावर ‘पॅराइन्फ्लुएंझा’ हा शब्द असतो. नावात फ्लू असला तरी तो विषाणू पूर्णपणे वेगळा आहे. ती लस घेतली म्हणजे फ्लूची लस झाली, असं समजू नका. शिकागोला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या कुणी कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवण्याआधी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. लस साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते. म्हणजे सुट्टीच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

बाकीचं कुठल्याही गावात करता येतं. हा विषाणू हातांवर सुमारे १२ तास, कपड्यांवर २४ तास आणि भांड्या-पिंजऱ्यांवर ४८ तास टिकू शकतो, पण साबणापुढे त्याचं काही चालत नाही. दुसऱ्याच्या खोकणाऱ्या कुत्र्याला कुरवाळून आलात तर आपल्या कुत्र्याला जवळ घेण्याआधी हात धुवा, शर्ट बदला. आपलाच खोकत असेल तर त्याला बागेत, बोर्डिंगमध्ये, मित्राच्या वाढदिवसाला नेऊ नका. आणि दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. आत घेईपर्यंत त्याला घेऊन बाहेरच थांबा. ओंटारिओत साथ जिथून पसरली, त्या जागांमध्ये एक दवाखानाही होता.