एकतीस मार्चची स्वस्ताई

आपल्या देशांत मोटारसायकल विकत घेणाऱ्या माणसापुढें निवड असते, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती फारशी जुनी नाहीं याचें स्मरणहि कोणास उरलेलें नाहीं. यंदाचें नवें मॉडेल पुऱ्या किंमतीस घ्यावें, कीं दुकानदाराकडे उरलेलें मागचें मॉडेल कांहीं हजारांच्या सवलतीनें घ्यावें, हा प्रश्न घरोघर कागद-पेन्सिल घेऊन सोडविला जातो. वरवर पाहतां तो केवळ खिशाचा प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या पाठीमागें साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे; आणि २०१७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस त्या इतिहासानें असें एक वळण घेतलें कीं, तेव्हांपासून या प्रश्नांत खिशाबरोबर श्वासाचाहि हिशेब मांडावा लागतो. प्रस्तुत लेखांत त्या वळणाचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम, निवडच नव्हती त्या काळाकडे पाहूं. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड कंपनी स्थापन होऊन तेथें बुलेट तयार होऊं लागली. पुढें म्हैसुरास जावा निघाली, उत्तरेकडे राजदूत निघाली, आणि पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी तयार होऊं लागल्या. त्यांतील ‘चेतक’ १९७२ पासून घरोघर ओळखीची झाली. परंतु कारखान्यानें वर्षाकांठीं किती वाहनें काढावीं हें परवान्यानें ठरे, आणि मागणी त्या आंकड्याच्या किती तरी पुढें धांवत असे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. या टंचाईचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरीहून अधिक किंमतीस विकली जाई. कारण नवी मिळावयाची ती कांहीं वर्षांनीं, आणि वापरलेली आजच दारांत उभी राही. जुन्यास सवलत नव्हे तर वरकड दाम, अशी ती उलटी रीत होती. शिवाय हातचें गिऱ्हाईक सुटण्याची भीति नसल्यामुळें नमुना बदलण्याची कारखानदारास निकड नसे. बुलेट काय किंवा चेतक काय, वर्षामागून वर्षें जवळजवळ त्याच रूपांत निघत राहिल्या. जेथें नवें असें कांहीं नव्हतें, तेथें मागचें तरी कोठून असणार?

ही स्थिति १९८५ च्या सुमारास पालटूं लागली. त्या सालीं जपानी सहकार्यानें हीरो होंडाची ‘सी. डी. १००’ आणि यामाहाची ‘आर. एक्स. १००’ या दोन गाड्या बाजारांत आल्या. पहिली चार-स्ट्रोक यंत्राची, थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणारी. दुसरी दोन-स्ट्रोक यंत्राची, चपळ आणि खर्चिक. काटकसर कीं वेग, असा खराखुरा पर्याय मध्यमवर्गीय तरुणापुढें आला. १९९१ नंतर परवान्यांचीं बंधनें सैल झालीं. १९९४ सालीं ‘स्प्लेंडर’ आणि २००१ सालीं बजाजची ‘पल्सर’ निघाली. चढाओढ वाढली तसे नमुने लवकर लवकर बदलूं लागले, आणि दुकानाच्या मागल्या बाजूस उरलेल्या गाड्यांची रांग दिसूं लागली. सवलतीचा जन्म याच रांगेंत झाला. दुकानदार गाडी कारखान्याकडून आधीं उचलतो, तीहि बहुधा कर्जाऊ पैशावर. ती जितके दिवस उभी राहील तितकें व्याज त्याच्या माथीं चढतें. नवा नमुना जाहीर होतांच जुन्याचें गिऱ्हाईक पांगतें. तेव्हां व्याज भरीत बसण्यापेक्षां किंमत उतरविणें त्यास परवडतें. तात्पर्य, सवलत ही दुकानदाराची उदारता नसून त्याच्या गळ्यांतील धोंड दुसऱ्याच्या गळ्यांत घालण्याची किंमत आहे. घेणाऱ्यास ती धोंड जड वाटत नसेल, तर सौदा उभयपक्षीं चांगलाच म्हटला पाहिजे.

येथपर्यंत हा व्यवहार दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांतला होता. त्यांत तिसरा पक्ष शिरला तो धुराच्या नियमांच्या रूपानें. पेट्रोलच्या वाहनांवर धुराची मर्यादा १९९१ सालीं आली, १९९६ सालीं ती कडक झाली आणि २००० पासून तिला पायऱ्यांचें स्वरूप आलें. दुचाकी वाहनांस ‘भारत स्टेज २’ ही पायरी २००५ सालीं व ‘भारत स्टेज ३’ ही २०१० सालीं लागू झाली. या दोन्ही खेपेस नव्या पायरीच्या तारखेपूर्वीं तयार झालेला माल मागाहून विकूं देण्यांत आला होता. त्यामुळें, तारीख उत्पादनाची असते, विक्रीची नव्हे, अशी कारखानदारांची व दुकानदारांची समजूत झाली होती. चौथी पायरी १ एप्रिल २०१७ पासून सर्व दुचाकींस लागू व्हावयाची होती. तिची अधिसूचना २०१४ सालींच निघाली होती. तरीहि मार्च उजाडला तेव्हां तिसऱ्या पायरीचीं सुमारें ८ लाख २४ हजार वाहनें देशभर विक्रीवांचून उभीं होतीं, आणि त्यांत ६ लाख ७१ हजार दुचाकी होत्या.

वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. दिल्लीच्या प्रदूषणाविषयीं १९८५ पासून चालत आलेल्या खटल्याच्या ओघांतच तो न्यायमूर्ति मदन लोकुर व न्यायमूर्ति दीपक गुप्ता यांच्यापुढें उभा राहिला. कारखानदारांचें म्हणणें, नियमानें बंदी उत्पादनास आहे, विक्रीस नाहीं. आणि पूर्वींचा पायंडा आमच्या बाजूचा आहे. हा मुद्दा पोकळ नव्हता. परंतु कारखानदारांतच दुफळी होती. पुण्याच्या बजाज कंपनीनें आपला कारखाना वेळेपूर्वींच चौथ्या पायरीवर नेला होता. ज्यांनीं खर्च केला त्यांनीं तोटा सोसावा आणि ज्यांनीं दिरंगाई केली त्यांनीं फायदा घ्यावा, हा कोणता न्याय, असें तिचें म्हणणें होतें. २९ मार्च रोजीं न्यायालयानें निर्णय दिला: कोट्यवधि लोकांचें आरोग्य कारखानदारांच्या व्यापारी हितापेक्षां मोठें आहे, १ एप्रिलपासून तिसऱ्या पायरीचें वाहन विकतां येणार नाहीं, आणि ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा असल्यावांचून त्याची नोंदणीहि होणार नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांस या तारखेचें एक वैशिष्ट्य जाणवेल. त्या वर्षीं गुढीपाडवा २८ मार्च रोजीं होता. साडेतीन मुहूर्तांपैकीं एक म्हणून पाडव्यास दारांत गाडी आणण्याची आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे. ज्यांनीं मुहूर्त साधून नेहमींच्या किंमतीस तिसऱ्या पायरीची गाडी घेतली, त्यांच्या गाडीच्या हारांतील फुलें सुकण्यापूर्वींच तीच गाडी हजारों रुपयांनीं उतरली. हीरोच्या गाड्यांवर १२,५०० रुपयांपर्यंत व होंडाच्या गाड्यांवर २२,००० रुपयांपर्यंत सूट जाहीर झाली. ३० व ३१ मार्च हे दोन दिवस दुकानांपुढें रांगा लागल्या. कित्येक ठिकाणीं माल संपला. टंचाईच्या काळांत मिळत नाहीं म्हणून रांग लागे. येथें उद्यां विकतां येणार नाहीं म्हणून रांग लागली.

आतां या दोन दिवसांतील गिऱ्हाइकानें केलें तें योग्य केलें काय? हिशेब मांडून पाहूं. चौथ्या पायरीच्या गाडींत टांकींतून उडणारी पेट्रोलची वाफ अडविण्याची योजना होती, धुरावरील मर्यादा अधिक कडक होती, आणि त्याच तारखेच्या दुसऱ्या नियमामुळें पुढला दिवा सदैव पेटता राहणार होता. चालविणाऱ्यास यांतील पहिल्या दोहोंचा प्रत्यक्ष लाभ कांहींच नाहीं. गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. १२,५०० रुपये तेवढ्या काळावर वांटले तर महिन्यास सत्तर रुपयांहूनहि कमी पडतात, आणि २२,००० रुपये वांटले तर सव्वाशांच्या आंत. ज्याच्या घरीं बेताची कां होईना पण नियमित मिळकत आहे, त्यास ही रक्कम निर्णायक नाहीं. परंतु ज्याचें काम गाडीवांचून अडलें आहे, आणि ज्याच्या गांठीशीं पुऱ्या किंमतीस दहा हजार कमी पडत आहेत, त्यास ती रक्कम म्हणजे गाडी असणें व नसणें यांमधील अंतर होतें. त्यानें रांग धरली म्हणून त्यास नांवें ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. मात्र त्यानें वांचविलेले पैसे कोणी तरी भरलेच: कांहीं कारखानदारानें, कांहीं दुकानदारानें, आणि उरलेले चौकांत बसची वाट पाहणाऱ्या माणसानें आपल्या छातीनें. या तिसऱ्याच्या खात्यावर किती पडले हें कोणत्याहि पावतीवर लिहिलेलें नसतें.

पुढल्या दोन बदलांत मात्र फरक केवळ दुसऱ्याच्या श्वासाचा राहिला नाहीं. एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. हून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींस, ब्रेक दाबतां चाक अडकून गाडी घसरूं नये अशी ए. बी. एस. योजना सक्तीची झाली, व लहान गाड्यांस दोन्ही ब्रेक जोडलेले असणें भाग पडलें. त्या वेळीं मागचें मॉडेल सवलतीनें घेणारा स्वतःची हाडें पणास लावीत होता. १ एप्रिल २०२० रोजीं पांचवी पायरी गाळून देश एकदम सहाव्या पायरीवर गेला. तिसऱ्या पायरीवर हायड्रोकार्बन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें मिळून दुचाकीस किलोमीटरमागें १ ग्रॅमची मुभा होती. सहाव्या पायरीवर त्या दोहोंची बेरीज ०.१६ ग्रॅमवर आली. या खेपेस विक्रीची शेवटची तारीख न्यायालयानें ऑक्टोबर २०१८ मध्येंच सांगून ठेविली होती, आणि अनेक कारखानदारांनीं नवीं मॉडेलें मुदतीपूर्वीं बाजारांत आणलीं. साथीच्या टाळेबंदीमुळें २७ मार्च २०२० रोजीं न्यायालयानें शिल्लक मालापैकीं दहा टक्के मागाहून विकण्याची सवड दिली. परंतु तिचा गैरफायदा घेतला गेल्याचें दिसतांच जुलैंत ती आज्ञा मागें घेतली. २०१७ चा धडा न्यायालय विसरलें नव्हतें.

कोणी म्हणेल, मागचें तें हलकें असें धरून तुम्ही चाललां आहां; पण २०१० च्या सुमारास नव्या यंत्राच्या येण्यानें अस्तास गेलेली बिडाच्या यंत्राची जुनी बुलेट शौकीन अजून शोधीत फिरतात, तिचें काय? आक्षेप खरा आहे. पण तेथें माणूस आवाज, आठवण आणि अभिमान विकत घेतो, वाहन दुय्यम असतें. अशा प्रेमास हिशेबाची वही दाखविण्यांत अर्थ नाहीं.

बाकीच्यांनीं, आमच्या मतें, दुकानांत एकच प्रश्न आधीं विचारावा: नव्यांत नवें काय आहे? रंग, पट्टे, घड्याळाची तबकडी एवढेंच बदललें असेल, तर मागचें मॉडेल बिनदिक्कत घ्यावें. वांचलेल्या पैशांत एक चांगलें शिरस्त्राण येतें. ब्रेक बदलला असेल, तर सवलत किती कां असेना, नवेंच घ्यावें. कारण मागच्या बैठकीवर आपलेंच माणूस बसणार असतें. आणि धूर बदलला असेल, तर ज्यास परवडतें त्यानें तरी पुरी किंमत मोजावी. परवाना जाऊन निवड हातीं आली, हें गेल्या चाळीस वर्षांत मिळालेलें मोठें सुख आहे. त्या सुखाचें भाडें रस्त्यावरून पायीं जाणाऱ्याकडून वसूल होऊं नये, इतकीच अपेक्षा.