मधली ओळ, नंबर सहा

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी मामेबहिणीचा फोन. ती गणितात पीएच.डी. करतेय, प्रबंध अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, त्यामुळे तिचा फोन आला की मी आधी आवाजावरून अंदाज घेतो. या वेळी आवाज रडवेला. "दादा, मॅडमनी तिसऱ्या प्रकरणातलं मुख्य प्रूफ लाल पेनाने अख्खं खोडलंय. आणि ते बरोबर आहे रे!"

मी सोमवार ते शुक्रवार जावा लिहिणारा माणूस. गणिताशी संबंध इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला सुटला तो सुटलाच. पण लाटेक मला येतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे (चूक माझीच, एका लग्नपत्रिकेत शायनिंग मारली होती). म्हटलं, फाईल पाठव, बघू.

बघितलं, तर भानगड एका आकड्याची होती. सातच्या जागी सहा पडला होता. हा आकडा कुणी टाकला, का टाकला आणि मुळात हाताने का टाकावा लागला, हे शोधता शोधता रविवारही गेला आणि मी पार १९४० सालापर्यंत जाऊन आलो. तीच ही गोष्ट.

आधी थोडं गणित. घाबरू नका. कम्यूटेटिव्ह डायग्राम म्हणजे काही वस्तू आणि त्यांच्यामधले बाण. अट एवढीच की एका ठिकाणाहून दुसरीकडे कुठल्याही वाटेने गेलात तरी हाती तेच लागलं पाहिजे. रुपयांचे थेट युरो केले किंवा आधी डॉलर करून मग युरो केले, आणि दोन्हीकडून तेवढेच पैसे आले, तर आकृती कम्यूट झाली. (बँकेत ती कधीच होत नाही. कमिशन!)

आता बहिणीची आकृती. तीन ओळी, तीन स्तंभ, कडेने शून्यं. याला नाइन लेमा म्हणतात. ओळ 'एक्झॅक्ट' असणे म्हणजे एका बाणातून जेवढं बाहेर पडतं, बरोबर तेवढंच पुढचा बाण शून्य करून टाकतो. लेमा असा : तिन्ही स्तंभ एक्झॅक्ट असतील आणि वरच्या दोन ओळी एक्झॅक्ट असतील, तर खालची ओळ आपोआप एक्झॅक्ट होते. खालच्या दोन असतील तर वरची होते. पण वरची आणि खालची आहे म्हणून मधली? तसं नाही चालत. मधल्या ओळीतले दोन बाण एकापाठोपाठ लावले की शून्य येतं, हे तिथे वेगळं दाखवावं लागतं.

म्हणजे कडेच्या ओळी फुकट मिळतात, मधलीला पैसे पडतात. हे लक्षात ठेवा.

तिने मुळात तीन ओळींना हाताने (४), (५), (६) असे आकडे टाईप केले होते आणि खाली वाक्य होतं की उरलेल्या दोन ओळी एक्झॅक्ट आहेत, म्हणून (६) सुद्धा. सहा म्हणजे खालची. एकदम बरोबर. मग महिन्याभरापूर्वी प्रकरणाच्या सुरुवातीला एक समीकरण वाढलं. बाकीचे आपोआप पडणारे नंबर एकेकाने सरकले. तिने आकृतीतले आकडेही इमानदारीत (५), (६), (७) केले आणि खालच्या वाक्यातला (६) मात्र तसाच राहिला. आता सहा म्हणजे मधली ओळ! मॅडमनी समासात लिहिलं होतं, 'कॉम्पोझिट शून्य कुठे दाखवलं?' बिचाऱ्या मॅडमची काहीच चूक नाही. कागदावर जे छापलं होतं, ते अपुरंच होतं.

"पण मग हाताने आकडे टाकलेस कशाला? मशीन देतं ना!"

"आकृतीच्या ओळींना देत नाही रे. अख्ख्या आकृतीला एकच देतं."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

हे बाण मुळात फार जुने नाहीत. फंक्शनसाठी बाण काढायची पद्धत १९४० च्या सुमारास टोपॉलॉजीत आली. सॉन्डर्स मॅक लेन यांनी आपल्या १९७१ च्या पुस्तकात तिचं श्रेय बहुधा विटोल्ड हुरेविच यांचं असं नोंदवलंय. १९४५ साली आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांचा कॅटेगरी थिअरीचा पायाभूत निबंध आला, आणि १९५२ मध्ये आयलेनबर्ग-स्टीनरॉड यांचं टोपॉलॉजीचं पुस्तक. त्यात आकृत्यांचा नुसता सडा आहे, आणि लेखकांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलंय की याने जागाही वाचते आणि डोकंही. जागा लेखकाची वाचली असेल, छापखान्याची नाही. खिळे जुळवणाऱ्यांना साधं गणितच नकोसं वाटायचं, त्याचे पैसेही जास्त लागायचे. त्यात हे बाण!

मग लोक टाईपरायटरवर मजकूर बडवायचे आणि चिन्हं, बाण शाईने हाताने भरायचे. आपल्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये बाहेरचे मोठमोठे गणिती येऊन व्याख्यानं देत आणि इथली तरुण मंडळी त्यांची टिपणं काढत. १९५५ ची लोरां श्वार्ट्झ यांची व्याख्यानं एम. एस. नरसिंहन यांनी टिपली, १९५६ मध्ये डाउकर यांची शीफ थिअरीवरची झाली. शीफ थिअरी म्हणजे बाणच बाण. इन्स्टिट्यूटची कुलाब्याची आजची इमारत १९६२ ची, त्याआधी बस्तान गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होतं.

गंमत बघा. टाईपरायटरच्या त्या काळात ओळीला नंबर देणं हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या ओळीसमोर कंसात आकडा हवा? रूळ फिरवा, ओळीवर या, आकडा बडवा. कागदाला काय फरक पडतो? फक्त उद्या मध्ये एक समीकरण वाढलं तर पुढचे सगळे आकडे पुन्हा बडवा. (आमचे बाबा कॉलेजात बेसिक शिकले. त्यात ओळींना १०, २०, ३० असे नंबर द्यायचे, म्हणजे मध्ये कोंबायला जागा उरते. प्रबंधात तेही करता येत नाही.)

आता येतो डोनाल्ड क्नुथ. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. आधीची आवृत्ती धातूच्या खिळ्यांची, ही फोटोटाईपसेटिंगची. ती बघून गडी इतका वैतागला की स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसला. लवकर उरकेल असं वाटलं होतं, पुढची जवळजवळ दहा वर्षं गेली. (आमच्या प्रोजेक्टचे एस्टिमेट चुकले की मी हे उदाहरण देतो. मॅनेजरला आवडत नाही.) तो प्रोग्राम म्हणजे टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्टने १९८० च्या दशकात चढवलेला मजला म्हणजे लाटेक.

टेकच्या दृष्टीने जगात सगळे डबे. अक्षर एक डबा, शब्द डब्यांची माळ, परिच्छेद ओळींच्या डब्यांची चळत. वेगळ्या ओळीवर मांडलेलं समीकरण हाही एक डबा, आणि त्याच्या उजवीकडे एक नंबर. एकाखाली एक समीकरणं असतील तर दर ओळीला नंबर द्यायची सोय क्नुथने पहिल्यापासून ठेवली, कारण तिथे टेकला ओळी दिसतात. लॅम्पोर्टच्या लाटेकातही ती आहे. नको त्या ओळीचा नंबर खोडताही येतो.

पण आकृती? क्नुथच्या १९८४ च्या टेकबुकमध्ये अशी आकृती मॅट्रिक्स वापरून कशी जुळवायची, हे चक्क स्वाध्यायात घातलंय! आणि मॅट्रिक्स म्हणजे एक बंद डबा. आतल्या तीन ओळी बाहेरच्या टेकला दिसतच नाहीत. डबा एक, नंबर एक, तोही उभ्या अंगाने मध्यावर.

पुढे पॅकेजं बरीच आली. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पॅकेजात फक्त आडवे-उभे बाण. क्रिस्तोफर रोझच्या एक्स-वाय-पिकमध्ये तिरके, वळणारे, सगळे. टिल टांटाऊच्या टिक्झवर बेतलेलं टिक्झ-सीडी आज बहुतेक लोक वापरतात, बहीणही तेच वापरते. बाण उत्तरोत्तर सुंदर होत गेले, त्यांच्या टोकांचे आकार बदलता येऊ लागले, पण डबा तो बंदच. माझं मत विचाराल तर हा बग नाही. समीकरण म्हणजे एक विधान आणि एका विधानाला एक नंबर, ही समजूत खिळ्यांच्या काळापासून चालत आली आणि प्रोग्रामात तशीच उतरली. आकृती दिसते एक वस्तू, पण तिची प्रत्येक ओळ हे स्वतंत्र विधान असतं. तो हिशोब त्या समजुतीत कुठे बसतच नाही.

रविवारी दुपारी आम्ही फोनवर बसून जे केलं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा घर. त्या घरात समीकरणांचा काउंटर एकने वाढवायचा, आकडा छापायचा आणि लेबलही त्याच घरात द्यायचं. हे महत्त्वाचं, कारण काउंटर सगळ्या फाईलभर वाढतो, पण 'आत्ताचा नंबर कोणता' ही आठवण त्या घराच्या बाहेर पडलं की पुसली जाते. पहिल्या प्रयत्नात आम्ही तिन्ही लेबलं आकृतीच्या खाली दिली होती आणि तिन्ही एकाच नंबरकडे बोट दाखवत होती. ब्लॉक स्कोप, दुसरं काय! मग लेबलं घरात नेली, तर 'एकाहून जास्त लेबलं' अशी एरर. समीकरणाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये लेबल एकच चालतं. शेवटी आकृती समीकरणातून बाहेर काढली आणि नुसती मध्यावर ठेवली. लगेच चाललं. जादा घरामुळे आकृती डावीकडे सरकत होती, म्हणून आकडे शून्य रुंदीच्या डब्यात टाकले.

आकडे अजून उजव्या समासाला चिकटलेले नाहीत, आकृतीच्या शेजारी उभे आहेत. चिकटवायचे तर टिक्झला पानावरच्या जागा लक्षात ठेवायला लावायच्या आणि फाईल दोनदा चालवायची. ती म्हणाली, "राहू दे."

मग तपासायला म्हणून तिने प्रकरणाच्या सुरुवातीला एक खोटं समीकरण घातलं. ओळी (६), (७), (८) झाल्या आणि खालच्या वाक्यात आठ आला. खोटं समीकरण काढलं, सात आला.

सोमवारी तिने मॅडमना नवीन पान दिलं. संध्याकाळी मेसेज आला : "मॅडमनी टिकमार्क केलं. आता चौथ्या प्रकरणात अशा अकरा आकृत्या आहेत. या शनिवारी मोकळा आहेस ना?"