वाट बघणारा पैसा : बेळगावचे किर्लोस्कर बंधू आणि मिलवॉकीचे बिअरवाले

 

आजचा विषय एका फोनवरून निघाला. फोन माझ्या पुतण्याचा, बेळगावहून. आमचं तिथे लेथचं एक छोटं वर्कशॉप आहे. वडील आणि काकांनी मिळून ते सुरू केलं होतं. पुढे चेकवर सही कोणी करायची यावरून दोघांत कुरबूर झाली आणि एकाच घरात राहून दोघं भाऊ १९ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायला बसलेत की नाही, वीजबिल भरलं की नाही, हे निरोप या खोलीतून त्या खोलीत न्यायचं काम माझ्याकडे असे. सैन्यात भरती होण्याआधीच मी सिग्नलमन झालो होतो म्हणा ना!

काकांनी आपला हिस्सा मोडून घेतला. वडिलांच्या मागे दुकान दादाकडे आलं, आता पुतण्या चालवतो. परवा तो म्हणाला, "काका, त्यांच्या घरातला आपला चुलतभाऊ भागीदार व्हायचं म्हणतोय. पैसेही घालेल. घेऊ का? तुमचीही सही लागेल." सही लागेल, कारण वडिलांच्या हिश्श्यातला अर्धा माझ्या नावावर आहे.

मी म्हटलं, आठ दिवस दे. फौजी माणूस आधी नकाशा उघडतो, मग पाऊल टाकतो. भावाभावांच्या धंद्याचा नकाशा बघायचा, तर दोन ठिकाणं डोळ्यांसमोर आली. एक आमच्या बेळगावातलं, दुसरं पार अमेरिकेतलं. आधी लांबचं बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतून माणसांचे लोंढे अमेरिकेला गेले. कोणी गरिबीमुळे, कोणी १८४८ ची क्रांती फसल्यावर. जाताना त्यांनी आपली बिअर बरोबर नेली. या बिअरचं नाव लागर. त्याआधी अमेरिकेत चालायची ती इंग्रजी पद्धतीची एल, लवकर तयार होणारी. लागरचं यीस्ट वेगळं. ते थंडीत, भांड्याच्या तळाशी सावकाश काम करतं, आणि नंतर ती बिअर कित्येक आठवडे गार तळघरात मुरवावी लागते. 'लागर्न' या जर्मन शब्दाचा अर्थच साठवून ठेवणं. तेव्हा यंत्राने थंडी तयार करायची सोय नव्हती. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरात भरायचा. मिलवॉकी शहराची भरभराट झाली त्याला तिथली थंडी आणि बर्फ हेही एक कारण.

आता धंद्याच्या नजरेने बघा. जव आज घेतले, पैसा आज गेला. बिअर विकली जाणार दोन-तीन महिन्यांनी. तोपर्यंत पैसा तळघरात अडकून पडलेला. परका देश, भाषा येत नाही, बँक दारात उभी करत नाही. अशा वेळी व्याज न मागता वाट बघणारा माणूस कोण? सख्खा भाऊ. म्हणून या धंद्यात ठिकठिकाणी भावंडं दिसतात. न्यूयॉर्कला फ्रेडरिक आणि मॅक्सिमिलियन शेफर या भावांनी १८४२ मध्ये स्वतःची ब्रुअरी सुरू केली. मिलवॉकीला याकोब बेस्ट हे गृहस्थ आणि त्यांचे चार मुलगे यांनी १८४४ मध्ये. त्यातल्या चार्ल्स आणि लॉरेन्झ या दोघा भावांनी वेगळी चूल मांडली. ती जागा १८५५ मध्ये फ्रेडरिक मिलर यांनी घेतली आणि पुढे 'मिलर' हे मोठं नाव झालं. थोरली पाती राहिली फिलिप बेस्ट यांच्याकडे. त्यांच्या मुलीशी फ्रेडरिक पाब्स्ट नावाच्या आगबोटीच्या कप्तानाने लग्न केलं आणि जावईबापू धंद्यात आले. १८८९ मध्ये कंपनीचं नावच पाब्स्ट झालं. तिसरं घर ऑगस्ट क्रुग यांचं. ते गेल्यावर त्यांचे हिशेबनीस जोसेफ श्लिट्झ यांनी त्यांच्या विधवेशी लग्न केलं आणि कारभार सांभाळला. श्लिट्झ १८७५ मध्ये जहाज बुडून गेले, तेव्हा क्रुग यांचे भाचे, म्हणजे उइलाइन बंधू, पुढे आले. पाटी मात्र श्लिट्झ यांच्याच नावाची राहिली.

भाऊ, जावई, हिशेबनीस, भाचे. ज्याला काम येतं त्याला कुटुंबाने आत ओढलं. हे लक्षात ठेवा. आता बेळगावला येऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची ओढ होती म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. खर्चाचा भार उचलला थोरले बंधू रामूअण्णांनी. तिथे कळलं, की लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकार होण्याचं स्वप्न संपलं. दुसरा कोणी घरी परतला असता. हे यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, कारण तिथे रंग लागत नाहीत, रेषा लागते. मग मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले.

याच काळात दोन भावांनी सायकलींचा धंदा केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पाटी १८८८ ची. पुढे नोकरीत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावललं गेलं. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना आला. कडबा कापायचं यंत्र झालं, आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

नांगर झाला, पण घ्यायला कोणी येईना. शेतकरी म्हणत, लोखंड जमिनीत घातलं तर जमीन विषारी होईल. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं गेली. इथे मला मिलवॉकीची तळघरं आठवतात. तिकडे बिअर मुरत होती, इकडे नांगर पडून होते. तिकडे तीन महिने, इकडे दोन वर्षं. ही दोन वर्षं निघाली ती सायकलीच्या दुकानावर आणि भावाच्या धीरावर.

जरा बस्तान बसतंय तोच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. लक्ष्मणराव त्या सुमारास औंध संस्थानात देवळाच्या मंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. चित्रकार राजा आणि चित्रकार होता होता राहिलेला कारखानदार यांची गाठ पडली. राजाने कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० च्या मार्चमध्ये दोन्ही कुटुंबं निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर राहायला गेली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

तिथली कामाची वाटणी बघा. कारखाना, यंत्रं, ओतकाम हे लक्ष्मणरावांचं. रामूअण्णांनी वसाहत सांभाळली. घरं, पाणी, झाडं, माणसांची भांडणं हे सगळं त्यांचं. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी घराबाहेरची माणसं आपापल्या कामाची मुखत्यार होती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रखवालदार नेमलं होतं. पुतणे शंकरराव यांच्या हातात छापखाना आणि कुंचला आला, आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्यानंतर 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी मध्यमवर्गाचं वाचन घडलं, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

दोन्हीकडच्या कुटुंबांवर बाहेरून घाव पडले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. मिलवॉकीत पाब्स्टने चीज केलं, सेंट लुईसच्या बुश घराण्याने यीस्ट विकलं, पण कारखाने टिकवले. किर्लोस्करवाडीला १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत, आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. तोवर हरिहरला, बंगळूरला आणि पुण्याला नवे कारखाने झालेही होते. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन आलेले. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. आमच्या खानापूर रस्त्याच्या पट्ट्यात विहिरीवर त्या इंजिनाचा आवाज ऐकला नाही असं माझ्या वयाचं माणूस सापडणार नाही.

आता मी बसलोय त्या आवडीबद्दल थोडं. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसचं अधिवेशन इथेच भरलं होतं. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव इथलाच. मोठे उद्योग सरकारने चालवावेत, हा विचार पुढे जोरात आला. इथल्या रणगाड्यांच्या कारखान्याची, हेवी व्हेइकल्स फॅक्टरीची, स्थापना १९६१ ची. विजयंता रणगाडा इथून बाहेर पडला. शंतनुराव परवान्यांच्या राज्यावर आयुष्यभर उघड टीका करत राहिले. मी दोन्ही बाजूंना मान देतो. माझी उमेद याच रणगाड्यांच्या दुरुस्तीत गेली, आणि मला ठाऊक आहे की रणगाड्यासाठी दहा-दहा वर्षं वाट बघणारा पैसा कोणा भावाकडे नसतो. तो सरकारलाच घालावा लागतो. पण दोन वर्षं वाट बघणारा पैसा घरातूनच येतो. औंधच्या राजाने या दोन्हींच्या मधलं काम केलं. त्याने सरकारी पैसा दिला आणि कारखान्यात बोट घातलं नाही.

मग ही घराणी फुटतात का? फुटतात. श्लिट्झ १९८२ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. बुश घराण्याच्या हातून कंपनी २००८ मध्ये गेली. किर्लोस्करांच्या आजच्या पिढीतल्या भावांचा वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात होता. न्यायालयाने मध्यस्थी करून बघा असं सुचवलं. त्यांच्यात २००९ चा लेखी कौटुंबिक करार होता, तरीही. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणारा मी कोणी नाही. मी एवढंच बघतो, की 'सगळं कागदावर आणा म्हणजे भांडण होत नाही' हा आपला नेहमीचा सल्ला अपुरा आहे. कागद पाहिजेच. पण कागदावर हिस्सा लिहिता येतो, गरज लिहिता येत नाही.

पहिल्या पिढीत लक्ष्मणरावांचं रामूअण्णांवाचून अडत होतं, आणि रामूअण्णांचं लक्ष्मणरावांवाचून. दोघांनाही ते माहीत होतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीत कोणाचं कोणावाचून अडत नाही. मग उरतो तो फक्त हिस्सा. माझ्या वडिलांचं आणि काकांचं तेच झालं होतं. दोघेही लेथवर तेवढेच तरबेज. एकाचं काम दुसरा सहज करी. त्यामुळे भांडायला सहीच उरली.

आठ दिवसांनी मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, त्याचे पैसे आत्ता घेऊ नकोस. तुला गिऱ्हाईक आणायला जमत नाही, त्याला बोलता येतं. वर्षभर त्याला ऑर्डरी आणू दे, कमिशन दे. तू मशीन सांभाळ. वर्षाने तुझं त्याच्यावाचून आणि त्याचं तुझ्यावाचून अडायला लागलं, तर भागीदारी कर आणि लगेच कागद कर. नाही अडलं, तर दोघं दिवाळीला एकत्र फराळ करा, धंदा नको.

तो म्हणाला, "आणि तुमची सही, काका?"

तो प्रश्न बरोबर होता. मी बेळगाव सोडून ४० वर्षं झाली. त्या दुकानाचं माझ्यावाचून एक दिवसही अडलेलं नाही. तरी दर मार्चला दादा, आणि आता पुतण्या, माझ्या वाट्याचे पैसे न चुकता पाठवत आलाय, आणि मी ते घेत आलोय. दुसऱ्यांच्या घराण्यांचा हिशेब मांडताना हा माझा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. पुढच्या महिन्यात बेळगावला जातोय. हिस्सा पुतण्याच्या नावावर करून देईन आणि काकांच्या घरी चहाला जाईन. त्या घराचा उंबरा मी शाळकरी वयानंतर ओलांडलेला नाही.

पुढच्या भागात ओगलेवाडीची काच आणि प्रभाकर कंदील. तोवर नमस्कार. जय हिंद.