यात्सेक माल्चेव्स्की : खिडकीपाशी थांबलेली माणसे

प्रतीकवादी चित्रकला म्हटली की स्वप्ने, मृत्यू, गूढ स्त्रिया अशी एक ठरावीक सामग्री डोळ्यांसमोर येते. यात्सेक माल्चेव्स्की (१८५४–१९२९) या पोलिश चित्रकाराकडे ती सारी आहे; मात्र तिच्यामागे एका पराभूत देशाचा इतिहास उभा आहे. १७९५च्या तिसऱ्या फाळणीनंतर पोलंड हे राज्य नकाशावरून पुसले गेले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले. माल्चेव्स्की रशियन अमलाखालील राडोमचा. १८६३चा उठाव चिरडून रशियाने हजारोंना सैबेरियात धाडले, तेव्हा तो अवघा आठ-नऊ वर्षांचा होता.

पुढे ऑस्ट्रियाच्या ताब्यातील क्राकूव येथे त्याला यान मातेयको हे गुरू लाभले. मातेयको यांच्या भव्य पटांवर पोलंडचे राजे आणि रणसंग्राम नांदत होते. शिष्याने मात्र सैबेरियातील बंदिवान रंगवले. 'एलेनाईचा मृत्यू' (१८८३) या चित्राचा विषय त्याने यूलिउश स्वोवात्स्की या कवीच्या 'अन्हेल्ली'मधून घेतला. येथे विजय नाही, युद्धही नाही; आहे ती केवळ प्रतीक्षा.

या प्रतीक्षेला प्रतीकाचे रूप आले ते 'मेलांकोलिया'मध्ये (१८९०–९४). चित्रकाराची कार्यशाळा. मागे, कोपऱ्यात, फलकासमोर वाकून बसलेला चित्रकार. त्या फलकातून मुले, तरुण, वृद्ध यांचा लोंढा उसळून खोलीभर पसरतो. कुणाच्या हाती शस्त्रे आहेत. पण आवेगाने निघालेली ही माणसे खिडकीपर्यंत येता येता जराजर्जर होतात. पलीकडे उजेड आणि बाग. खिडकीशी काळ्या वस्त्रांतील एक स्त्री. उंबरठा कुणीच ओलांडत नाही. एका आयुष्याचा आणि एका शतकाचा प्रवास एकाच खोलीत संपतो.

ती स्त्री कोण? मृत्यू, स्वातंत्र्य, की शीर्षकातील विषण्णता? साहित्याच्या वर्गात 'अमुक म्हणजे तमुक' असे समीकरण मांडून प्रतीक निकालात काढण्याची आपल्याला सवय आहे. तसे केले तर हे चित्र रूपककथा होईल आणि तिथेच संपेल. त्याचे सामर्थ्य या अर्थांना एकमेकांपासून वेगळे होऊ न देण्यात आहे. ज्या पिढीला स्वातंत्र्य आणि मरण एकाच दिशेने येताना दिसत होते, तिला त्यांची निवड करण्याची मुभा तरी कुठे होती?

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. हा सारा लोंढा चित्रकाराच्याच फलकातून आलेला आहे. म्हणजे देशाचे दुःख कलावंतावर लादलेले ओझे, की त्याच्याच कल्पनेने जोपासलेली कैद? 'दुष्टचक्र' (१८९५–९७) या चित्रात शिडीवर बसलेल्या कोवळ्या चित्रकाराभोवती उन्माद आणि वेदना एकत्रच गरगरतात. तेथेही उत्तर नाही.

१९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. माल्चेव्स्कीने तो दिवस पाहिला. पुढे त्याची दृष्टी मंदावत गेली. 'मेलांकोलिया' आज पोझनानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देश खिडकीबाहेर पडला. चित्रातली माणसे अजून आतच आहेत. इतिहासाने सोडवलेला प्रश्न कलेत सुटतोच असे नाही, हे ती माणसे आपल्याला सांगत राहतात.