बहुरूपी ब्राउझर

बारामती-इंदापूरकडील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास सातबाऱ्याचें महत्त्व सांगावयास नको. गांवनमुना सातमध्यें जमिनीचा हक्क व बारामध्यें पिकांची नोंद. कर्ज असो वा वांटणी, हा उतारा हवाच. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत तो डिजिटल सहीनिशीं मिळूं लागला. सरकारी दप्तर आणि आपण यांच्यामध्यें जो मध्यस्थ उभा असतो तो ब्राउझर. त्याचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९९४ सालीं निघालेला नेटस्केप सर्व्हरला आपलें नांव ‘मोझिला’ असें सांगे. सजावटीचीं नवीं पानें कांहीं सर्व्हर त्यालाच देत. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला, आणि दारांतून परत फिरावें लागूं नये म्हणून त्यानेंहि तेंच नांव धारण केलें. मागून आलेल्यांनीं हाच कित्ता गिरविला. आजहि बहुतेक ब्राउझर स्वतःस मोझिलाच म्हणवितात. मनुष्याविना पानें मागविणाऱ्या स्वयंचलित आज्ञावल्या, म्हणजे स्क्रिप्ट, याच बहुरूप्यांच्या मेळ्यांत सामील झाल्या.

परंतु सोंग नांवाचें वठतें, अंगच्या गुणांचें नाहीं. युनिकोडांत देवनागरी १९९१ पासून होती. तरी पुढें कित्येक वर्षें मराठी पानें निरनिराळ्या खाजगी फाँटांत निघत. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोररनें फाँट पानाबरोबरच पाठविण्याची सोय केली. वाचकास पडद्यावर मराठी दिसे, पण पोटांत रोमन अक्षरांचे संकेत असत. एक्सप्लोररचें नांव घेऊन गेलेल्या स्क्रिप्टला पान मिळे, अर्थ मात्र मिळत नसे. ॲक्टिव्हएक्सवर चालणाऱ्या पानांची गत याहून बिकट. तीं एक्सप्लोररशिवाय हलतच नसत.

१५ जून २०२२ रोजीं विंडोज दहाच्या बहुतेक आवृत्त्यांवर मायक्रोसॉफ्टनें एक्सप्लोररला निरोप दिला. एज ब्राउझरांत त्याची जुनी चाल निदान २०२९ पर्यंत ठेवण्याचें आश्वासन आहे. पण ती मुदत म्हणजे मालकी नव्हे. तोंवर स्क्रिप्ट लिहिणारांनीं तीन गोष्टी कराव्या: पानाचा सांगाडा टाळून मूळ माहिती जेथून येते तिकडेच रीतसर मागणी करावी, जुन्या फाँटांचे संकेत युनिकोडांत उतरवून त्यांचें कोष्टक जपावें, आणि स्वतःचें खरें नांव सांगून, ज्या दारावर मज्जाव लिहिला आहे तेथून माघारें यावें.

उतारा दप्तरांत शाबूत असावा आणि केवळ मध्यस्थ निवर्तला म्हणून तो शेतकऱ्याच्या हातीं न यावा, यासारखी शोचनीय गोष्ट कोणती?