क्रिप्टोकॉकस : एका रोगकारक बुरशीच्या नामांचा इतिहास

शास्त्रीय नामात तत्कालीन अनुमान साठून राहते. अनुमान खोटे ठरले तरी नाम टिकते. एड्सच्या रुग्णांत मस्तिष्कावरणाचा दाह निर्माण करणाऱ्या क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या बुरशीचा इतिहास याची साक्ष देतो.

इ. स. १८९४ मध्ये जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे बुसे व बुश्के यांना एका स्त्रीच्या नडगीच्या हाडातील विकारात ही बुरशी आढळली. त्याच वर्षी इटलीत सान्फेलिचे यांनी ती पीच फळाच्या रसातून वेगळी केली. कर्करोगाचे मूळ यीस्टमध्ये शोधण्याचा तो काळ होता; म्हणून अर्बुदासारख्या गाठी उत्पन्न करणारी ही बुरशी 'निओफॉर्मन्स', म्हणजे 'नवे घडविणारी', ठरली. १९०१ मध्ये व्ह्युइमँ यांनी तिला 'क्रिप्टोकॉकस', म्हणजे 'गुप्त कण', या वर्गात घातले. पुढे १९१६ मध्ये स्टॉडर्ड व कटलर यांना मेंदूतील बुरशीपेशींभोवती मोकळी वलये दिसली. बुरशी ऊतक विरघळविते असे मानून त्यांनी 'टोरुला हिस्टोलिटिका' हे नाम योजिले. वस्तुतः ते वलय म्हणजे बुरशीचेच जाड शर्करामय कवच होते. तथापि 'टोरुला' हे नाम पुढे कित्येक वर्षे प्रचारात राहिले.

१९८१ मध्ये एड्सची प्रथम नोंद झाली आणि एके काळी विरळा असलेला हा दाह नित्याचा झाला. आता त्याला 'संधिसाधू' हे विशेषण लाभले. मराठीत या शब्दाला स्वार्थी कपटाचा वास आहे. बुरशीच्या ठायी मात्र कपट नाही. ती मातीत व पारव्यांच्या विष्ठेत असते, श्वासावाटे शरीरात शिरते आणि बहुतेकांत निरुपद्रवी राहते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधील सीडी-४ पेशी शंभराखाली गेल्या म्हणजे ती मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका फार वाढतो. म्हणजे दोष संधी साधणारीपेक्षा ढासळलेल्या तटबंदीत अधिक आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. २०२० साली जगात एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे १ लाख ५२ हजार जणांना हा दाह झाला व १ लाख १२ हजार मृत्यू पावले, असा अंदाज आहे. अँफोटेरिसिनसारखी औषधे बुरशीला मारतात. परंतु एचआयव्हीचे निदान व उपचार वेळीच झाल्यास तटबंदीच ढासळत नाही. ती ढासळली असल्यास डोकेदुखी सुरू होण्यापूर्वीच रक्तातील प्रतिजनाची तपासणी करून दाह टाळता येतो. 'निओफॉर्मन्स' हे नाम चुकीच्या अनुमानासह आजही कायम आहे व त्याने कोणाचे अहित होत नाही. 'संधिसाधू' या शब्दाने मात्र दृष्टी बुरशीवरच खिळून राहिली, तर हानी रुग्णाची होते.